तिवरातली पंगत

पितृपक्ष लागून तीन दिवस झाले होते. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. आमच्या मागच्या भिंतीपलीकडचं तिवर, सगळंच्या सगळं राखाडी. खाली मजकूर: ‘रातोरात झाडं मारली. अ‍ॅसिड टाकलंय.’ दहा मिनिटांत तपासही पुरा झाला. कुणी बिल्डरवर ठपका ठेवला, कुणी नाल्यावर, बी विंगमधल्या एका काकांनी मोबाईलच्या टॉवरवर. मी चहाचा कप घेऊन गच्चीवर गेलो, वाकून बघितलं, तर फोटो खरा होता. भाईंदर पश्चिमेला, राई-मुर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आम्ही राहतो. भिंतीपासून खाडीपर्यंत आठवड्यापूर्वी जे हिरवं अंथरूण होतं ते कुणीतरी गुंडाळून नेल्यासारखं. उरल्या होत्या काटक्या. मध्येच दोन-चार चिपीची झाडं मात्र हिरवीच्या हिरवी.

पाऊस नव्हता, तरी पावसाचा आवाज येत होता.

तसाच कप हातात घेऊन खाली उतरलो आणि भिंतीच्या खिंडारापाशी गेलो. पोरांनी क्रिकेटचे चेंडू आणायला पाडलेलं हे खिंडार. सोसायटीने तीनदा बुजवलं, तीनदा पुन्हा पडलं. आवाज वरून पडणाऱ्या बारीक काळ्या दाण्यांचा होता. खसखशीपेक्षा थोडे मोठे दाणे चिखलावर पडत होते, मारांडीच्या काटेरी पानांवर पडत होते, माझ्या चहात पडत होते. ही अळ्यांची विष्ठा आहे हे कळेपर्यंत मी दोन घोट घेतले होते.

मग अळ्या दिसायला लागल्या. एकदा दिसायला लागल्या की दुसरं काही दिसत नाही. दीड इंच लांबी, शाईत बुडवून काढल्यासारखा रंग, डोक्यापासून शेपटापर्यंत पांढुरक्या रेघा. एकेका फांदीवर वीस-पंचवीस. पानाच्या कडेचा तुकडा अर्धवट कापायचा, तो उलटा दुमडायचा, रेशमाच्या टाक्यांनी शिवायचा आणि त्या आडोशाला बसून तेच पान खायचं. राहतं घर खाणारी ही जात. पान संपलं की धाग्याला लोंबकळत खालच्या फांदीवर. काही धागे भिंतीच्या आत आले होते आणि पार्किंगमधल्या एका स्कूटरच्या आरशाला तीन अळ्या लटकत होत्या.

राईच्या एक मावशी सकाळी बाजारात चिंबोऱ्यांची पाटी घेऊन बसतात. त्यांना विचारलं. त्या नांग्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मेली नाय ती. दरसालचा हाय त्यांचा. दसऱ्याला बघ, हिरवीगार.” आणि मग माझ्याकडे बघून, “कवापासून ऱ्हातंस तू हितं?” अकरा वर्षं, हे उत्तर मी दिलं नाही. चार चिंबोऱ्या घेतल्या आणि निघालो.

अकरा वर्षं राहून दर सालची गोष्ट मला पहिल्यांदा दिसली होती. तिवर माझ्या लेखी एक हिरवा पडदा होता. पडदा कुणी वाचतं का?

मग वाचलं. पतंगाचं शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा. त्याची ख्याती तिवरापेक्षा सागासाठी मोठी. सागाची पानं खाणारी अळी म्हणून वनखात्याच्या लोकांना ती शंभरहून अधिक वर्षं ठाऊक आहे. केरळात निलांबूरच्या सागवनांत झालेल्या अभ्यासात ४ ते ८ वर्षं वयाच्या सागाची ४४ टक्के वाढ या अळीने खाल्ली असं निघालं. पावसाच्या तोंडाशी सागाला कोवळी पानं फुटतात, तेव्हा तिथे धाड पडते. आमच्या खाडीत तीच जात येते ती पावसाळा सरताना, आणि बाकीच्या झाडांना सोडून नेमकी तिवरावर बसते.

आता मीरा-भाईंदरचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला काशिमिऱ्यामागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र. डोंगरात साग, खाडीत तिवर, आणि मध्ये आम्ही, २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८,०९,३७८. साग आणि तिवर यांचं काही नातं असेल असं कुणाला वाटणार नाही. एक डोंगरउतारावरचा, ताटाएवढ्या पानांचा, उन्हाळ्यात निष्पर्ण होणारा. दुसरं खाऱ्या चिखलात घोट्याएवढ्या पाण्यात उभं, बोटभर पानांचं. पण थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, त्यात ही दोन्ही झाडं एकाच कुळात, निर्गुडीच्या कुळात बसवलेली आहेत. पुढे ते कुळ फुटलं. साग तुळशीच्या घरात गेला, तिवर अडुळशाच्या. शास्त्रज्ञांची वाटणी झाली. पतंगाला नोटीस मिळालेली नाही. तो जुन्या नात्यानेच दोन्ही घरी जेवतो.

हे मला फार आवडलं. इतकं की मी ते जेवताना घरी सांगितलं. बायको म्हणाली, चहा नीट झाकून नेत जा.

त्या पितृपक्षात कावळे भाताला शिवेनात. सर्वपित्रीला आमच्या गच्चीवर पाच घरांची पानं मांडली होती. वडे, खीर, सगळं रीतसर. कावळे भिंतीपलीकडे. मी मनातल्या मनात वडिलांना जे जे कबूल करायचं ते करून चुकलो, तरी एक फिरकेना. मग लक्षात आलं की पितरांची काही इच्छा वगैरे राहिलेली नाही, पोट भरलंय. खाली पंगत चालली होती. कावळे, साळुंक्या, बुलबुल फांद्यांवर; बगळे चिखलात, खाली पडलेल्या अळ्या वेचत; आणि वर विजेच्या तारेवर कोतवाल, दुभंगलेली शेपटी खाली सोडून, उडणाऱ्या पतंगाची वाट बघत. पतंग बसलेला असला की वाळलेल्या पानाचा तुकडा, मातकट. उडाला की आतले पंख उघडतात, काळ्यावर नारिंगी. लपण्याचं कातडं आणि पळतानाचं वेगळं. त्या नारिंगी ठिणगीवर कोतवाल तारेवरून पडायचा, हवेतच पकडायचा आणि त्याच जागी येऊन बसायचा. जागा बदलली नाही त्याने एकदाही. सरकारी खुर्चीतसुद्धा इतकी निष्ठा दिसत नाही.

पंगतीतले खरे जेवणारे मात्र बारीक. एक राठ केसांची माशी असते, घरातल्या माशीसारखीच दिसणारी. ती अळीवर अंडं घालते. अळी पान खात राहते, माशीचं पिल्लू आतून अळी खात राहतं. त्याहून बारीक एक विषाणू आहे. त्याची लागण झालेली अळी फांदीला उलटी लटकते आणि आतून पाणी होते. केरळातल्याच पीचीच्या वनसंशोधन संस्थेने हाच विषाणू निलांबूरच्या सागवनात फवारून बघितला. लटकलेल्या, पाणी झालेल्या अळ्या मला आमच्या भिंतीपाशीही दिसल्या; काठीने स्पर्श केला तर कातडी फुटली आणि थेंब खालच्या पानावर पडला. ते पान कुणीतरी खाणारच होतं.

आणि तो काळ्या दाण्यांचा पाऊस. एरवी तिवराचं पिकलं पान चिखलात पडतं, कुजायला वेळ घेतं, खेकडे ते बिळात ओढून नेतात. अळी तेच काम एका दुपारात करते. दाणे भरतीबरोबर पसरतात, चिखलात मुरतात आणि झाडाने गमावलेलं बरंचसं मुळाशीच परत येतं. याला काय म्हणायचं? शाळेत असताना जीवशास्त्राच्या वहीत तक्ता काढला होता. दोन जातींचा संबंध आला की अधिक, उणे किंवा शून्य अशी चिन्हं द्यायची. दोघांचा फायदा, अधिक-अधिक: सहजीवन. एकाचा फायदा, दुसऱ्याचा तोटा: परभक्षण, परजीवन. दोघांचाही तोटा: स्पर्धा. मी पट्टीने रेघा आखल्या होत्या आणि शेरा ‘उत्तम’ मिळाला होता. आता वाटतं, त्या तक्त्यात मुख्य खोट ही की त्यात दोघंच असतात. तिवर आणि अळी दोघंच असती तर उणं-अधिक लिहून मोकळं होता आलं असतं. पण माशी आली, कोतवाल आला, चिखल आला, माझ्या वडिलांचा वडा वाळत पडला. कुणाचं चिन्ह कुठे लिहायचं?

चिन्हांचाच प्रश्न असेल तर विरार लोकल बघावी. भाईंदरचा माणूस विरार फास्टमध्ये चढला की दारातली मंडळी त्याला आत घेत नाहीत आणि घेतला तर भाईंदरला उतरू देत नाहीत. यात गाडी एक, जागा तेवढीच, भूक एकच: स्पर्धा, दोघांना उणे. म्हणून आमच्याकडच्या जातींनी उपाय शोधलेत. कुणी भाईंदरहूनच सुटणारी लोकल धरतं, कुणी आधी उलटं विरारला जाऊन बसून येतं, कुणी अर्धा तास झोप कमी करतं. ओहोटीच्या चिखलावर हेच चालतं. आखूड चोचीचा तुतवार वरचं वेचतो, उंच पायांचा शेकाट्या पाण्यात शिरून खातो, लांब वाकड्या चोचीचे पक्षी बिळाच्या तळाशी पोचतात. एकाच चिखलात तीन मजले, कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही. विरारकरांना हे सांगायला पाहिजे, पण सांगणार कोण आणि कुठल्या स्टेशनवर?

अशा एकत्र राहणाऱ्या जीवांच्या मेळाला शास्त्रात पहिलं नाव मिळालं ते कालवांमुळे. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर कालवांची शेती करता येईल का हे बघायला प्रशियाच्या सरकारने कार्ल मोबियस या प्राणिशास्त्रज्ञाला कामाला लावलं. सरकारला हवा होता धंद्याचा अहवाल. त्याने १८७७ साली जे पुस्तक दिलं त्यात म्हटलं की कालवांचा थर म्हणजे नुसती कालवं नव्हेत. त्यांच्यावर, त्यांच्यात, त्यांच्या आधाराने राहणारे सगळे मिळून एक बिऱ्हाड आहे, आणि कालवं वाजवीपेक्षा जास्त काढली की रिकामी जागा दुसरे शिंपले बळकावतात. त्या बिऱ्हाडाला त्याने शब्द घडवला: बायोसिनोसिस. उत्तन-पालीच्या खडकांवर ओहोटीला उकिडवं बसून कालवं फोडणाऱ्या बायकांना हा शब्द ठाऊक असायचं कारण नाही. पण एका खडकावरची सगळी कालवं त्या काढत नाहीत.

ग्रुपवर दुसऱ्या दिवशी ठराव आला: कीटकनाशकाचा फवारा मारून घ्यावा, वर्गणी फ्लॅटमागे शंभर. अळ्या जिन्यात आल्या होत्या, लहान मुलं आहेत, सणवार तोंडावर. मी मोठा मजकूर लिहायला घेतला: माशी, विषाणू, निलांबूर. अर्ध्यावर असताना समोरच्या दारातल्या शहाभाईंचं एका ओळीचं उत्तर आलं. “जीव छे. हुं पैसा नहीं आपूं.” पंधरा दिवसांपूर्वीच त्यांचं पर्युषण झालं होतं, दारात येऊन हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून गेले होते. त्यांच्यामागे आणखी सात घरांनी नाही म्हटलं आणि ठराव पडला. माझा मजकूर मी पुसून टाकला. शहाभाईंना तिवराशी काही देणंघेणं नाही, भिंतीपलीकडे ते कधी गेलेले नाहीत, आणि आमच्या घरी बोंबील तळले की त्यांच्या दाराखाली ओला टॉवेल लागतो. अळ्या वाचल्या त्या त्यांच्यामुळे. अळ्या वाचल्या म्हणून माशा वाचल्या, आणि खाडीत विष गेलं नाही म्हणून पुढच्या आठवड्यात मावशींच्या पाटीत चिंबोऱ्या आल्या, त्या आम्ही खाल्ल्या. हे शहाभाईंना सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

दसऱ्याच्या आसपास झाडांना पालवी फुटली. मावशी बरोबर होत्या. नसत्या तर मी त्यांच्याबद्दल लिहिलंच नसतं म्हणा.

पुढच्या वर्षी मी तयारीत होतो. ऑगस्ट लागताच खिंडारापाशी हाताला येणारी एक डहाळी निवडली आणि तिला लाल लोकरीचा धागा बांधला. तिवराची पानं समोरासमोर जोडीने येतात, म्हणून मोजायला सोपी. आठ जोड्या, सोळा पानं. पानाच्या पाठीला जीभ लावली तर खारट. झाड आत शिरलेलं जादा मीठ पानातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं आणि दुपारी त्याचे बारीक स्फटिक चमकतात. पूर्वी इथे मिठागरं होती. आगर सोडून दिलं, बांध फुटला की भरतीबरोबर तिवराचं बी तरंगत येऊन रुजतं. मिठाचं उत्पादन तेवढ्यापुरतं चालू राहतं, एकेका पानावर.

रोज सकाळी तिथे उभं राहिल्यावर आणखी शेजारी भेटायला लागले. ओहोटीला चिखल उघडा पडला की निवट्या बाहेर येतात. मासाच तो, पण पुढच्या परांवर कोपर टेकल्यासारखा चालतो, डोळे डोक्यावर ठेवलेले, कल्ल्यांत पाणी धरून. दोन निवट्यांची हद्दीवरून भांडणं चालतात तेव्हा पाठीवरचा पर उभारून एकमेकांसमोर तोंड वासतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघाला की नेमका असाच देखावा असतो. शेजारी एक नांगी प्रचंड आणि एक केविलवाणी असलेले बारके खेकडे. मोठी नांगी माद्यांना बोलवायला आणि दुसऱ्या नराला दाखवायला. जेवायचं त्या केविलवाण्या नांगीनेच. त्यांच्या बिळांतून चिखलात हवा खेळते, आणि त्याच चिखलातून तिवराची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. खेकड्याला झाडाची सावली आणि पान, झाडाच्या मुळांना खेकड्याच्या बिळातली हवा. रात्री कधी कधी कोल्हेकुई ऐकू येते. आपल्याकडे कोल्हा काकडीला राजी म्हणतात. खाडीतला कोल्हा खेकड्याला राजी. एका पहाटे भिंतीवरून बघितलं, पायाने बीळ उकरून एक पाऊल मागे सरत होता. नांगी नाकाला लागू नये म्हणून असावं. पूर्वी कधीतरी लागली असणार.

डहाळीची नोंद वहीत आहे. सोळा, सोळा, सोळा. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौदा. मग नऊ. तीन. शून्य. शून्य पुढे अकरा दिवस. तेराव्या दिवशी टोकाला तांदळाएवढी हिरवी जोडी.

त्याच वर्षी रस्त्याच्या पलीकडच्या तुकड्यात रात्रीचे ट्रक यायला लागले. त्यांनी एकाही पानाला हात लावला नाही. जुन्या इमारतींचं डेब्रिज, फरशा, विटा, कमोडचे तुकडे, असं बांधासारखं रचून गेले. श्वासमुळं गाडली गेली आणि भरतीचं पाणी तिकडे वळायचं थांबलं. झाडं पुढे कितीतरी महिने हिरवी होती. ग्रुपवर एकही फोटो आला नाही. पावसाळ्यानंतर पानं पिवळी पडायला लागली, आणि आमच्या बाजूला अळ्यांची झुंबड उडाली तेव्हा त्या तुकड्यावर एक अळी गेली नाही. खाली खेकड्यांची बिळं नव्हती, कोतवाल त्या बाजूच्या तारेवर बसत नव्हता. त्या झाडांना दसऱ्याला पालवी आली नाही, नंतरही नाही. आम्ही तक्रार केली. २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला, त्यात भराव घालायला बंदी केली आहे, तो आदेश छापून जोडला. पाहणी झाली, फोटो काढले गेले, भराव तिथेच आहे. त्यावर आता घाणेरी उगवली आहे आणि तिच्या फुलांवर फुलपाखरं येतात, हेही सांगायला हवं.

वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्याच्या आखणीत ४५ हजारांवर कांदळझाडं येतात. बदल्यात किती रोपं कुठे लावायची याचेही आकडे पेपरात येतात. रोपं मिळतील. निवटी आणि ती राठ केसांची माशी कुठल्या नर्सरीत मिळते ते बघावं लागेल. २०२० साली राज्याने पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, तिवराला दिला नाही. बरोबरच आहे. सप्टेंबरमध्ये ज्याची अशी अवस्था होते त्याला मानचिन्ह कोण करणार?

कोजागरीच्या रात्री जिन्यातल्या ट्यूबलाइटभोवती पतंग जमले. तिवरावर वाढलेलेच, पंख मातकट, फडफडले की आत नारिंगी. ट्यूबमागे राहणारी पाल हळूच पुढे आली, थांबली आणि एक गट्ट करून मागे गेली. सकाळी जिन्यात पंख पडले होते. झाडू मारायला बाई यायची होती. एक नारिंगी पंख मुंग्यांनी उभा धरला होता, शीड लावलेल्या होडीसारखा तो हलत डुलत चालला होता, आमच्या उंबऱ्यावरून पलीकडे. शहाभाईंच्या चौकटीखाली मुंग्यांचं बीळ आहे. तिथे ते रोज सकाळी पूजेआधी चिमूटभर साखर आणि पीठ घालतात. मी बघत असतानाच दार उघडलं, ते वाटी घेऊन बाहेर आले, वाकले, आणि त्या पंखाला वाट द्यायला त्यांनी पाय मागे घेतला.